डोळ्यांनी न बघता फळं चिरायची तर: कोणती अवजारं घ्यावीत आणि नाशकात ती कशी शोधावीत

माझी नजर एका दिवसात गेली नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणजे आधी रातांधळेपणा, मग कडेचं दिसेनासं होणं आणि शेवटी मधलंही. आता मला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. वरण-भात, पोळ्या, फोडणी हे सगळं हाताला पाठ होतं, ते सुटलं नाही. फळ मात्र घरच्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. "मामी, राहू द्या, मी चिरते," असं भाची म्हणायची, तेव्हा तिची माया मला कळत होती. पण चार वाजता पेरू खावासा वाटला तर सहाला कोणी घरी येईपर्यंत थांबायचं, हे मला रोज टोचायचं.

दोन वर्षांत मी बरीच अवजारं आणली, त्यातली निम्मी वाटून टाकली आणि उरलेली रोज वापरते. नुकतीच नजर गेलेल्यांचे पैसे आणि बोटं दोन्ही वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. पुढचं सगळं एका कसोटीवर उभं आहे: अवजार हातात घेतलं की पातं कुठे आहे, हे हाताला न चाचपता कळलं पाहिजे. जिथे पातं चाचपून शोधावं लागतं, ते अवजार कितीही महागाचं असलं तरी आपलं नाही.

१. आधी आठवडाभर, कुठे अडतं ते ध्यानात ठेवा

लगेच बाजारात जाऊ नका. फळ खाताना नेमकं काय अडतं, ते आठवडाभर फोनवर बोलून नोंदवून ठेवा. माझी यादी काढली तर केळं, संत्रं, चिकू, सीताफळ, द्राक्षं यांना काहीच लागत नव्हतं. सीताफळ पिकलं की खवले आपोआप सुटे होतात. पपईला सुरी एकदाच, उभी मधोमध. पुढचं सगळं चमच्याचं काम: बिया खरवडून काढायच्या, मग गर. साल काढायची गरजच नाही. खरी अडचण सफरचंद, पेरू, डाळिंब, आंबा आणि मोसंबी एवढ्यांचीच निघाली.

अननस आणि फणस मी यादीतून काढूनच टाकले. ते विक्रेत्याकडून समोर सोलून घ्यावेत, त्यात कमीपणा काही नाही.

२. घरातलं सामान आधी जागेवर आणा

नवीन काही घेण्याआधी या चार गोष्टी जमवा. बहुतेक घरात असतातच.

- काठ असलेली मोठी परात किंवा ताट. सगळं काम तिच्यात करायचं, म्हणजे घरंगळलेली फोड परातीतच सापडते.
- चिरायची जाड पाटी. ज्यांना थोडं दिसतं त्यांनी एक पांढरी आणि एक काळी घ्यावी. डाळिंब पांढऱ्यावर, सोललेलं सफरचंद काळ्यावर, म्हणजे कडा उठून दिसतात.
- ओला करून पिळलेला पंचा. तो पाटीखाली घातला की पाटी सरकत नाही. सरकणारी पाटी सुरीपेक्षा धोक्याची.
- एक छोटी दातेरी सुरी, साधारण बोटाएवढ्या पात्याची. दाते सालीत रुततात, त्यामुळे मोसंबीसारख्या गुळगुळीत फळावरून सुरी घसरत नाही.

सुरीची मूठ दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर धार खाली आहे की वर हे कळत नाही. माझी पहिली सुरी तशी होती. मग मी मुठीच्या पाठीच्या बाजूला एम-सीलचा हरभऱ्याएवढा गोळा चिकटवला आणि रात्रभर वाळू दिला. आता अंगठा त्या गोळ्यावर टेकला की धार खाली आहे याची खात्री होते. पात्यापासून लांब, मुठीच्या मधोमध चिकटवा. एम-सील नसेल तर मुठीच्या पाठीवर पातळ काडी ठेवून तिच्यावरून घट्ट दोरा गुंडाळला तरी भागतं.

विळीचं काय, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. विळीचं पातं एका जागी ठाम असतं आणि दोन्ही हात फळावर असतात, हा तिचा मोठा गुण. पण हात पात्याकडे जातो, पातं हाताकडे येत नाही, आणि ही सवय मुरायला वर्षं लागतात. ज्यांनी दिसत असताना वर्षानुवर्षं विळीवर चिरलं आहे त्यांनी ती सोडू नये, फक्त जोर कमी करावा. ज्यांना तिची सवय नाही त्यांनी नजर गेल्यावर विळीपासून सुरुवात करू नये. आणि कोणीही असो, जागेवरून उठायच्या आधी विळी मिटवायचीच. घडीची विळी असेल तर बिजागरी ढिली नाही ना, हे दर महिन्याला हलवून तपासा.

३. खरेदीला कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

नाशकात मी पहिल्यांदा भांडी बाजारात जायला सांगेन. सराफ बाजाराला लागून असलेल्या त्या गल्ल्यांमध्ये तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर सोलाणी, किसण्या, पिळण्या, विळ्या असं बारीकसारीक सामानही मिळतं. तिथला फायदा असा की माल उघडा असतो, हातात घेता येतो. दुकानं नुकतीच उघडलेली असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत नको, दुकानदाराला उभं राहायला वेळ नसतो.

गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार स्वस्त आहे, पण माल जमिनीवर मांडलेला आणि गर्दी चिक्कार. पांढरी काठी असली तरी सोबत माणूस हवंच. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी सोडलेलं असेल तर तो बेत करूच नका.

मोठ्या मॉलमधला माल चांगला असतो, पण कडक प्लास्टिकमध्ये बंद. मी एका दुकानात सफरचंदाचा कटर हातात घेऊन बघू का म्हणून विचारलं, तर "पॅकिंग फोडता येणार नाही" असं उत्तर मिळालं. तसाच घेतला आणि घरी आल्यावर कळलं की दांडे इतके आखूड की तळवा पात्याच्या कडेवर येत होता. तेव्हापासून न उघडलेली धारदार वस्तू मी घेत नाही.

जाताना पिशवीत ठेवा: तुमच्या घरी येतं त्या आकाराचं एक सफरचंद किंवा पेरू, छोटा नॅपकिन आणि धारदार वस्तू घरी आणायला जाड झाकणाचा डबा. फळ नेलं की अवजार बसतं की नाही हे तिथेच कळतं. माझ्या एका दुकानदारकाकांनी तर माझाच पेरू माझ्याच हातून त्यांच्या काउंटरवर कापून घेतला, मगच पैसे घेतले.

सातपूरला नॅबचं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं, महाराष्ट्र युनिट आहे. खरेदीआधी तिथे एकदा चौकशी करा. वस्तू मिळो न मिळो, ती वापरणारं माणूस भेटलं तर त्याच्या हाताखाली अर्धा तास काढणं कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोलाचं.

४. दुकानात हाताने तपासायच्या गोष्टी

दुकानदाराला आधीच सांगा: "मला दिसत नाही. वस्तू देताना मूठ माझ्या हातात द्या आणि पातं कुठे आहे ते तोंडाने सांगा." हे न सांगता हात पुढे केला तर बरेचजण पातंच हातात देतात, त्यांच्या मनात वाईट काही नसतं.

मूठ धरल्यावर डोळे असलेल्या माणसाला रंगावरून जे कळतं, ते आपल्याला आकारावरून कळायला हवं: वरची बाजू कोणती, पुढची कोणती. मग नॅपकिन ओला करून हात पुसा आणि पुन्हा धरा, कारण फळाच्या रसाने हात ओला होणारच. गुळगुळीत स्टीलची मूठ इथे नापास होते. पुढे, सुटे भाग किती आहेत ते विचारा. तीनपेक्षा जास्त सुटे भाग असतील तर धुताना एखादा हरवतो, आणि हरवलेला भाग पात्याचा असला तर कठीण.

५. काय घ्यावं, काय टाळावं

सोलाणं: दोन प्रकार मिळतात. एकाचं पातं मुठीच्या सरळ रेषेत, सुरीसारखं. दुसऱ्याचं पातं दोन बाहूंच्या मधे आडवं, गलोलीच्या आकाराचं. आपल्यासाठी दुसरा. आडवं पातं कायम बाहूंच्या आतच असतं, बाहेर कुठे टोक नसतं, आणि हात एकाच दिशेला चालतो. फळ हवेत धरू नका, त्याचं बूड पाटीवर टेकवा, वरून खाली ओढा, मग फळ थोडं फिरवा. कुठे साल राहिली ते बोटाला कळतं: सोललेला भाग ओलसर आणि किंचित खरखरीत, राहिलेला भाग कोरडा, गुळगुळीत. फळ एकदा पाण्यातून काढलं तर हा फरक आणखी ठळक होतो. हे पन्नास-साठ रुपयांचं अवजार आहे आणि मी रोज वापरते.

सफरचंदाचा कटर: गोल कडी, मधे छोटं वर्तुळ, त्यातून निघालेल्या आठ पात्या आणि दोन्ही बाजूंना दांडे. दाबलं की आठ फोडी आणि मधला बियांचा भाग वेगळा. पेरू आणि नासपती यांनाही चालतो, पेरूच्या मधल्या बिया एका नळीसारख्या तुकड्यात निघून येतात. आजींना बिया चावत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे पेरू असाच कापला जातो.

वापरायची रीत अशी. आधी देठ काढून टाका. देठाच्या खळग्यात डाव्या हाताचं बोट ठेवा. कटरच्या मधलं वर्तुळ त्या बोटाभोवती येईल असं वरून आणा आणि हलकेच टेकवा, मग बोट वर काढून घ्या. बोट वर काढल्याशिवाय जोर लावायचा नाही. मग दोन्ही दांड्यांवर तळवे ठेवून, उभं राहून, शरीराचं वजन टाका.

इथेच एक मोठा धोका आहे आणि मी त्यात सापडले. कटर पाटीपर्यंत पोचतो तेव्हा फळाचा तळ बहुधा चिकटूनच राहतो, फोडी पूर्ण सुटत नाहीत. मी कटर उचलून खालून बोटांनी फोडी वर ढकलल्या. एक फोड सुटली आणि तर्जनी थेट दोन पात्यांच्या मधे गेली. चार टाके पडले. आता मी सगळंच्या सगळं उलटं करून परातीत ठेवते आणि लाकडी चमच्याच्या दांड्याने फोडी खाली ढकलते. काही कटरबरोबर खालून बसवायची प्लास्टिकची तबकडी मिळते, ती फोडी पूर्ण सोडवते. मिळाला तर तोच घ्या, शंभर रुपये जास्त गेले तरी. कच्चा, टणक पेरू मात्र प्लास्टिकच्या दांड्यांच्या कटरवर दाबू नका, दांडा तुटतो.

दोरी ओढायचा चॉपर: भांड्यात पाती, वर झाकण, झाकणातली दोरी ओढली की पाती फिरतात. झाकण बंद असताना बोट आत जाऊच शकत नाही, म्हणून हा सुरक्षित. सफरचंदाची कोशिंबीर किंवा रायतं करायला उत्तम, पिकलेल्या फळाचा मात्र लगदा होतो. रिकामा करताना काळजी घ्या. आधी मधला प्लास्टिकचा खांब वरून चिमटीत पकडून पाती बाहेर काढायची, मगच भांडं पालथं करायचं. भांड्यात थेट हात घालायचा नाही, कधीच.

लिंबू पिळणी: साधी, बिजागरीची. कापलेली बाजू भोकांकडे, म्हणजे खाली. उलट ठेवलं तर रस अंगावर येतो. मोसंबीसाठी छोटा प्लास्टिकचा आकडा मिळतो, तो सालीत रुतवून देठापासून खाली ओढला की साल पाकळीसारखी उघडते. त्याला धार नसते, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हाच पहिला घ्यावा.

आंब्याची कोय काढायचा कटर घेऊ नका. मी घेतला, ऑनलाइन. त्याचा मधला भाग एकाच मापाचा आणि आपल्याकडे हापूस, केशर, पायरी, तोतापुरी सगळ्यांच्या कोयी वेगवेगळ्या. हापुसात तर अर्धा गर कोयीलाच राहिला.

६. हातमोजा

न कापला जाणारा विणलेला हातमोजा मिळतो, भाजी-मांस कापणारे वापरतात. सुरी धरणाऱ्या हातात नाही, फळ धरणाऱ्या हातात घालायचा. त्याच्यावर ईएन ३८८ या युरोपीय मानकाची खूण असते आणि कापण्याला किती टिकतो ते ए ते एफ या अक्षरांत लिहिलेलं असतं, एफ सर्वांत मजबूत. दुकानात ते कोणाकडून तरी वाचून घ्या.

माप तुमच्याच हाताचं हवं. बोटांच्या टोकाशी मोकळी जागा राहिली तर ती सुरीखाली सापडते आणि बोट समजून आपण फसतो. दुसरं, तो धार अडवतो, टोक अडवत नाही. टोकदार सुरी त्याच्या विणीतून आत जाते. म्हणून सुरी गोल टोकाची असावी. मिक्सर किंवा कुठल्याही विजेच्या यंत्राजवळ हा मोजा घालू नका.

मोज्याशिवाय चिरायचं असेल तर दोन पकडी शिका. एक, फळ धरलेल्या हाताची बोटं आत वळवायची, म्हणजे पात्याला बोटांचे सांधे लागतील, टोकं नाहीत. दुसरी पुलाची: अंगठा एका बाजूला, बाकी बोटं दुसऱ्या बाजूला, मधे कमान आणि कमानीखालून सुरी. अर्ध्या केलेल्या फळाला पुलाची पकड सगळ्यात सोपी. कुठलंही गोल फळ आधी अर्धं करा, सपाट बाजू खाली ठेवा, मग बाकीचं.

७. डाळिंब, आंबा, द्राक्षं

डाळिंब सटाणा, देवळा, मालेगावकडून येतं, त्यामुळे आपल्याकडे भगवा डाळिंबाला तोटा नाही. पिकलेलं डाळिंब हाताला थोडं चौकोनी, कोनेरी लागतं, कच्चं अगदी गोल. सोलायला यंत्र नको, पाणी हवं. दातेरी सुरी डाळिंबाच्या कमरेवर टेकवा आणि सुरी स्थिर ठेवून डाळिंब फिरवा. साल कापली जाईल एवढाच जोर, आत जाऊ देऊ नका. सगळीकडून खाच पडली की सुरी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी पिळून दोन भाग वेगळे करा. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, अर्धं डाळिंब पाण्याखाली धरा आणि अंगठ्याने दाणे सोडवा. दाणे तळाला जातात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो. वरचा पापुद्रा हाताने काढून टाका आणि बाकीचं रोळीतून गाळा. अंगावर डाग नाहीत, ओट्यावर रस नाही. पाण्याखाली दाणा सुटतो तेव्हा अंगठ्याला बारीक टिक् असं जाणवतं, आणि ती जाणीव थांबली की तो कप्पा रिकामा झाला हे कळतं. मी पहिल्यांदा असं अख्खं डाळिंब एकटीने सोललं त्या दिवशी वाटीभर दाणे भाचीच्या हातात दिले आणि तिला काही बोलवलं नाही.

आंब्याची कोय चपटी असते. आंबा हातात फिरवला की दोन रुंद बाजू आणि दोन अरुंद कडा लागतात. कोय त्या रुंद बाजूंना समांतर पडलेली असते. आंबा अरुंद कडेवर उभा धरा, सुरी देठाच्या शेजारी, बोटभर बाजूला ठेवून खाली न्या. सुरी कोयीला लागली तर ती घासते, आवाज बदलतो. थोडी बाहेर सरकवा. दोन फाका निघाल्या की चमच्याने गर. आमरस असेल तर सुरी लागतच नाही, पायरी हाताने दाबून मऊ करून पिळायची.

द्राक्षांचा हंगाम जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, आणि नाशकातलं घर द्राक्षांशिवाय राहत नाही. घड धुऊन कात्रीने छोटे झुबके करून ठेवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मात्र अख्खं द्राक्ष देऊ नका, ते घशात अडकतं. द्राक्ष उभं चिरून, शक्यतो चार भाग करून द्यायचं. एकेक चिरण्यापेक्षा ही युक्ती करा: एकाच मापाची दोन उथळ झाकणं घ्या. एका झाकणात द्राक्षं आडवी मांडा, दुसरं झाकण पालथं वर ठेवा, वर तळवा सपाट ठेवून बोटं उचललेली ठेवा आणि दोन झाकणांच्या फटीतून दातेरी सुरी आडवी न्या. एका फटक्यात दहा-बारा द्राक्षं अर्धी होतात. चार भाग हवे असतील तर अर्ध्या फोडी पुन्हा उभ्या चिराव्या लागतात.

८. ऑनलाइन घ्यायचं असेल तर

टॉकबॅक, म्हणजे फोनचा पडदा बोलून वाचणारी सोय, वस्तूचं नाव वाचतं, पण फोटोतलं सगळं सांगेलच असं नाही, आणि आपल्याला हवं असलेलं सगळं फोटोतच असतं. म्हणून खरेदीदारांची मतं ऐका, त्यात "मूठ", "पातं", "साफ करायला" असे शब्द शोधा. माप सेंटिमीटरमध्ये दिलं नसेल तर घेऊ नका. परत घेण्याची मुदत आधी ऐका.

पार्सल आलं की एकट्याने फोडू नका. घरात कोणी नसेल तर बी माय आईज हे ॲप उघडा. २०१५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या ॲपवर डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवरून बघून सांगतात. "पातं कोणत्या बाजूला आहे, त्यावर टोपी आहे का" एवढे दोन प्रश्न विचारा, मगच हात लावा.

९. धुणं, ठेवणं आणि धार

सुरी कधीच बेसिनमध्ये पाण्याखाली सोडू नका, घरातल्या इतरांनाही हे बजावा. वापरून झाली की ती पाटीच्या वरच्या कडेला, मूठ उजवीकडे, धार पलीकडे. धुताना एका वेळी एकच धारदार वस्तू आणि ब्रशने, घासणीने नाही, कारण घासणी धरलेला हात पात्याला लागतो. पुसून सरळ आपापल्या जागी. माझ्याकडे सुरी, सोलाणं, कटर, चॉपरचं पातं या चार वस्तूंना एक वेगळा ट्रे आहे. मी हाताने चार मोजते आणि मगच ओट्यावरून कापड फिरवते.

बोथट सुरीला जोर लागतो आणि जोर लावला की हात घसरतो, म्हणून धार वेळेवर लावून घ्या. आमच्या गल्लीत सायकलवर धारवाला येतो. पण दातेरी सुरी त्याच्याकडे देऊ नका, चाकावर दाते जातात. ती बोथट झाली की नवीन घ्यायची. साध्या सुरीला धार लावून आणली की त्या दिवशी तिच्या मुठीवर रबरबँड चढवा आणि घरात सगळ्यांना सांगा. कालच्या जोराने आजची सुरी चालवली तर ती फळातून सरळ पाटीपर्यंत जाते. दोन-तीन दिवसांत हाताला नवी धार कळते, तेव्हा रबरबँड काढायचा.